फवारलेल्या बांधावरचा भांबुर्डा

मी बावीस वर्षं विष मोजायचं काम केलं. रोह्याला कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. ड्रम आला की त्यातला चमचाभर माल काढायचा, विरघळवायचा, यंत्रात टोचायचा आणि कागदावर उमटलेल्या रेघेवरून सांगायचं की यात अस्सल किती आणि कचरा किती. आम्ही त्याला विष म्हणत नव्हतो, 'टेक्निकल' म्हणायचो. गावात त्यालाच औषध म्हणतात. ठरावीक दिवसांनी आमचं रक्त तपासायला जायचं, त्या मालाने आमच्या नसांचं काही बिघडवलंय का ते बघायला. माझा रिपोर्ट कायम चांगला यायचा आणि मला त्याचा माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे. बाटलीचं बूच उघडलं की नुसत्या वासावरून मी औषधाची जात सांगायची, आणि नव्या पोरी समोर असल्या की मुद्दाम सांगायची.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं नाही. अडाणी माणसाच्या हातून झालं असतं तर मी त्याला दहा शिव्या घालून मोकळी झाले असते.

माझं माहेर खांबपासून थोडं आत आहे आणि सासर पेणला. माहेरी आता दादा आणि वहिनी दोघंच असतात. भात निघालं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर दादा वाल पेरतो, आमच्याकडचे कडवे वाल. मोठा तुकडा कालव्याकडच्या अंगाला, तो बाजारासाठी. घरामागे चार वाफे, ते घरच्यासाठी. घरच्या वालावर औषध मारायचं नाही, हा आमच्या पट्ट्यात सगळ्यांचाच नियम. लोकांनी खायच्या मालावर मारायचं, आपण खायच्या मालावर नाही. कोणी तोंडाने असं म्हणत नाही, पण करतात सगळे. आमच्याकडेही तेच चालायचं आणि मी कधी एक शब्द बोलले नाही.

त्या जानेवारीत दादाचा फोन आला.

"शेंडे काळे पडलेत गो. मावा भरलाय नुसता. काय मारू?"

मी सांगितलं. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीतलं जुनं, जालीम औषध. आमच्या कंपनीत ते बनत नव्हतं, पण त्याची सगळी भावंडं माझ्या हाताखालून गेली होती. पंपाला किती घालायचं तेही सांगितलं. मग शिकलेल्या बहिणीने सांगावं तसं सांगितलं, "आणि दादा, पंधरा दिवस त्या शेंगांना हात लावायचा नाय. वहिनीला पण सांग. कोण पाहुणा आला, शेंगा मागितल्या, तरी द्यायच्या नायत."

"नाय लावत. मला काय बारका पोरगा समजतेस?"

त्याने शनिवारी दुपारी फवारलं आणि त्या शेंगांना खरोखरच कोणी हात लावला नाही. रविवारी मी पोपटी खायला गेले.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीचं मडकं घ्यायचं, बुडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. भांबुर्डा म्हणजे थंडीत शेताच्या बांधावर आपोआप उगवणारं उग्र वासाचं झुडूप, ते कोणी लावत नाही आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पाल्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, आणि वरून पुन्हा पाला, तोंड घट्ट बंद होईपर्यंत. मग मडकं उपडं करून त्याच्याभोवती जाळ करायचा. पाण्याचा एक थेंब घालायचा नसतो. आत जी वाफ होते ती सगळी पाल्याची, आणि शेंगांना जी चव येते तीही पाल्याची. लोक संध्याकाळी करतात, पण मला परतीची गाडी धरायची होती म्हणून आम्ही दुपारीच करायचं ठरवलं.

दादा अंगणात जाळाची तयारी करत होता. वहिनी घरामागे शेंगा तोडायला गेली. पाला तोडायला मी गेले. लहानपणी ते माझं काम असायचं, आता वहिनी करते, पण तो वास हाताला लागला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. घरामागच्या बांधावरचा भांबुर्डा धुळीने भरलेला होता, पानं खाल्लेली, मध्ये कोळ्याची जाळी. मी कालव्याकडे चालत गेले. तिथला बांध हिरवागार होता. पानं कोवळी आणि एकही भोक नसलेली. एरवी भांबुर्डा तोडताना मुंग्या हातावर चढतात, पानाखाली कसले कसले किडे असतात, तुऱ्यांवर माश्या घोंघावतात. तिथे काहीही नव्हतं. मी दोन्ही हातांनी ओचाभर तोडला आणि मनात म्हटलं, किती स्वच्छ पाला मिळाला.

मला दिसत होतं की हे फवारलेलं शेत आहे. मीच औषध सांगितलं होतं. वालाची एक वेल बांधावर आली होती, ती मी पायाने बाजूला सारली, शेंगेला हात लागू नये म्हणून. इतकी मी सावध होते. माझ्या डोक्यात शेंग म्हणजे पीक आणि पिकावर औषध, असं पक्कं बसलेलं होतं. बांधावरचं रान हे पीक नव्हतं, म्हणून ते माझ्या हिशेबातच नव्हतं. आणि वास, ज्या वासावर मी बावीस वर्षं मिरवलं, तो भांबुर्ड्याच्या उग्र वासाखाली दबून गेला.

मडकं वहिनीनेच भरलं. ती बारीक अंगाची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, हमरापूरकडची. तिच्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, त्यामुळे माती, मडकं, दाबून बसवणं ही तिची कामं. ओला पाला तिने चुरगळून चुरगळून बसवला. दादा आणि मी आधी खाल्लं. ती वाढत राहिली, मग सगळ्यात शेवटी मडक्यातून ओतलेल्या ढिगाच्या तळाला राहिलेल्या शेंगा घेऊन बसली. त्या पाल्याच्या रसाने भिजून चिकट झालेल्या असतात, मीठही तिथेच उतरलेलं असतं. तिला त्याच आवडायच्या, आणि आमच्याकडे बाईच्या वाट्याला तळाचंच येतं, त्यामुळे आवड आणि वाटा यांचं छान जमलेलं होतं.

तासाभराने माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. पोटात कळ आली. मोबाइलची अक्षरं अंधुक दिसायला लागली, तर मी म्हटलं धुराने डोळे गेलेत. दादा गोठ्यामागे जाऊन ओकून आला आणि म्हणाला, "लय खाल्ला वाटतं." आम्ही हसलो. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. ती खाली बसली ते उठेना. जानेवारीतल्या गारव्यात तिचं पोलकं घामाने भिजलं होतं आणि तोंडातून लाळ गळत होती. ती पदराने पुसायची आणि पुन्हा गळायची. तिला लाज वाटत होती. "काय नाय ताई, पित्त झालंय," म्हणाली.

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला रोह्याला एका छोट्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता आणि हुशार होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "शेतावर फवारणी झाली का?"

मी म्हटलं, "झाली, पण ते शेत वेगळं. आम्ही खाल्ले ते वाल न फवारलेले."

"बाहुल्या बारीक आहेत."

"जाळासमोर बसलो होतो सगळे. माझेही डोळे अंधुक झालेत."

तो दादाला बाजूला घेऊन गेला. मी मागून गेले. तो हळू आवाजात विचारत होता, घरात काही भांडण झालं होतं का, घरात औषधाची बाटली आहे का. तिथे माझं डोकं फिरलं. खेड्यातली बाई, तोंडाला फेस, घरात औषध, म्हणजे ती प्यायली असणार. त्या एका प्रश्नाने दादा नवरा म्हणून उभा जळणार होता आणि वहिनी पुढे जगली असती तरी औषध प्यायलेली बाई म्हणूनच जगली असती. मी डॉक्टरला म्हटलं, "मी बावीस वर्षं हेच केमिकल तपासलंय. तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, मी हातात धरलंय. माझी वहिनी काही प्यायलेली नाही आणि वाल स्वच्छ आहेत. खाण्यात काहीतरी बाधलंय. पुढचं बोलू नका."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत दोन-तीन मोठाले शब्द टाकले. त्याने सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि लक्ष ठेवतो म्हणाला. मोठ्या दवाखान्यात कळवून ठेवू का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, घाई नको.

असे दोन तास गेले.

ते दोन तास काय होते ते आता सांगते, कारण त्यातलं एकेक मिनिट मला माहीत आहे. आपल्या नसेतून स्नायूला निरोप जातो तो एका रसायनाच्या थेंबाने. आखड, असा निरोप. निरोप पोचला की एक एन्झाइम तो थेंब मोडून टाकतं, म्हणजे स्नायू सैल पडतो आणि पुढचा निरोप घ्यायला मोकळा होतो. हे औषध त्या एन्झाइमवर जाऊन बसतं. मग थेंब मोडला जात नाही, निरोप थांबत नाही, स्नायू आखडतच राहतो आणि शेवटी थकून पडतो. लाळ, घाम, छातीतलं पाणी, सगळं वाहत राहतं. माव्याच्या अंगात हे असंच होतं आणि माणसाच्याही. दोघांचं यंत्र एकच आहे, म्हणून तर ते इतकं छान चालतं. या औषधाला एन्झाइमवरून ओढून काढणारं एक इंजेक्शन आहे, दवाखान्यात त्याला नुसतं 'पाम' म्हणतात. पण ते लवकर द्यावं लागतं. काही तास गेले की औषध आणि एन्झाइम यांचं जोडलेपण पक्कं होतं आणि मग ते कशानेच सुटत नाही. हे मी नव्या पोरींना फळ्यावर काढून शिकवायची. आणि तिथे खाटेच्या कडेला बसून, वहिनीच्या गालाखालचा स्नायू सारखा उडताना बघत, मी स्वतःला सांगत होते की थंडी वाजत असेल तिला.

पाच वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. "गो, तुमच्या कोंबड्या पडल्यात. चार गेल्या, दोन पाय ताणून पडल्यात. वहिनीने शेंगांची सालं टाकली ना, तिथंच."

मी दादाला विचारलं, "घरामागच्या वाफ्यांवर मारलंस?"

"नाय गो. आईशप्पत नाय."

"मोठ्या तुकड्यावर मारताना बांधाशी आलास की पंप बंद करतोस?"

तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघायला लागला. "बंद कोण करतं? मारत मारतच वळायचं."

मी भिंत धरली. कालव्याकडचा तो बांध, एकही भोक नसलेली पानं, एकही मुंगी नाही. दादा दर ओळीला वळला होता आणि दर वळणाला त्याने बांध भिजवला होता. मडक्यात पाणी न घालता, तोंड बंद करून, पाला शिजवून त्याचा रस शेंगांत उतरवायचा, याला आमच्या प्रयोगशाळेत अर्क काढणं म्हणतात. मी अर्क काढला होता.

डॉक्टरला जाऊन सांगितलं. औषधाची जात, नाव, काल दुपारी फवारलेला पाला. त्याने धावत जाऊन अट्रोपिन सुरू केलं, त्याच्याकडे होतं तेवढं सगळं. त्याने छाती कोरडी होते, पण एन्झाइम सुटत नाही. पाम त्याच्याकडे नव्हतं. त्याने पेणला फोन केला आणि अॅम्ब्युलन्स मागवली. पाला कोणी तोडला, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रोह्याहून पेण ही काही लांबची वाट नाही, मी ती कामाला जाता-येता झोपेत केली आहे. त्या संध्याकाळी ती संपेना. नागोठण्याला वहिनीचा श्वास घरघरायला लागला. अॅम्ब्युलन्समधल्या मुलीने तिच्या तोंडावर मास्क दाबला आणि रबरी फुगा दाबून हवा द्यायला लागली. डोलवीला शिफ्ट सुटली होती. तिथल्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर एकामागे एक उभे, मध्ये बसगाड्या, सायरन वाजतोय आणि कोणी हलत नाही. मी खाली उतरले आणि ट्रेलरच्या दारावर चपलेने मारत सुटले. ड्रायव्हर वरून म्हणाला, "बाय, मी कुठं घालू? माझ्याही पुढं उभेच आहेत ना सगळे." तो बरोबर होता. मी रस्त्यात उभी राहून रडले आणि पुन्हा आत चढले. दादा वहिनीचे पाय चोळत होता. "थंड लागतात गो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पेणला तिला पाम दिलं आणि मशीनवर घेतलं. दादाला आणि मलाही तपासलं, पण आम्ही वरवरच्या शेंगा खाल्ल्या होत्या, आमचं थोडक्यात निभावलं. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, दिलंय, आता ते किती धरतं ते बघू. मला त्या वाक्याचा अर्थ कळत होता, दादाला नव्हता. त्याला वाटलं औषध दिलं म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडत होती. तिसऱ्या दिवशी तिला मान उचलता येईना. श्वासाचे स्नायू थकून पडले होते. आता मशीन श्वास घेत होतं आणि आम्ही बाहेर बाकावर बसून तिचा श्वास मोजत होतो.

विषबाधा म्हटली की पोलीस येतातच. हवालदार आला, वयस्कर, वही घेऊन. त्याच वेळी हमरापूरहून वहिनीचा भाऊ आला. कारखान्यातून उठून तसाच आला होता, नखांत रंग. त्याने येऊन सरळ दादाची कॉलर धरली. "काय केलंस माझ्या बहिणीला? का प्यायली ती?" बाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं बघत होती. दादा कॉलर सोडवून घेत नव्हता. तो म्हणाला, "प्यायली नाय रे. पोपटीच्या पाल्यातून गेलंय."

हवालदाराने दोघांना बसवलं. औषध कोणी आणलं? दादाने. कोणी फवारलं? दादाने. कोणी सांगितलं हे औषध? "माझ्या बहिणीने, पण बरोबर सांगितलं तिने, पंधरा दिवस हात लावू नको म्हणाली." मग हवालदाराने विचारलं, "पाला कोणी तोडला?"

"बायकोनेच," दादा म्हणाला. "पोपटीचं सगळं तीच करते."

तो खोटं बोलत नव्हता. तो अंगणात जाळाची तयारी करत होता, मी कालव्याकडे गेलेलं त्याने बघितलंच नव्हतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. हवालदाराने लिहिलं. त्याच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी नाही उघडलं. मनात म्हटलं, ती शुद्धीवर आली की सांगेन. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, की ती आलीच नाही तर कोणाला कळणारच नाही. हा विचार मला आला होता. मी हे लिहून ठेवते, कारण मी हे कोणाला बोलून दाखवू शकणार नाही.

चौथ्या दिवशी कपडे आणायला दादाने मला घरी पाठवलं. मी आधी कालव्याकडे गेले. भांबुर्डा तसाच उभा होता, हिरवा. खाली जमिनीवर मधमाश्या पडलेल्या, वाळून हलक्या झालेल्या. पाटात एक साळुंकी पडली होती. फवारा पाटाच्या पाण्यातही उतरला असणार. या जातीच्या औषधांच्या लेबलवर आम्ही अभिमानाने लिहायचो की जुन्या औषधांसारखं हे वर्षानुवर्षं मातीत राहत नाही, ऊन-पाण्यात काही दिवसांत मोडतं. ते खरंच आहे. त्या काही दिवसांत तिथे कोण राहतं हे लेबलवर नसतं.

पाटात कातकरीवाडीतली एक बाई वाकून मुठे गोळा करत होती, शेतातले खेकडे. तिची टोपली निम्मी भरली होती. मला बघून खूश होऊन म्हणाली, "आज लय गावले गो. पळतच नाय. हातानं उचलायचं नुसतं."

मी तिच्या हातातून टोपली ओढली आणि पाटापलीकडच्या खड्ड्यात उपडी केली. ती माझ्यावर धावून आली. तिचा सकाळपासूनचा उद्योग होता तो. "खुळी हाय का तू? पोरांनी काय खायचं आता?" मी तिला सांगितलं, हे विषाने सुस्त पडलेत म्हणून पळत नाहीत, हे खाऊन पोरं मरतील, माझी वहिनी पेणला मशीनवर आहे. आणि का कोण जाणे, तिला सांगून टाकलं की तो पाला मीच तोडला होता. तिने टोपली उचलून झटकली. "मग हिथं काय करते? तिथं जाऊन सांग की," म्हणाली आणि बांधाबांधाने निघून गेली. मी कोंबड्या आणि खेकडे खोल पुरले, वहिनीचे कपडे घेतले आणि पेणला आले. सांगितलं नाही.

नवव्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. मी आत गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले, हात चादरीवर थरथरत होते. मला बघून हसली. मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. मी म्हटलं, "वहिनी, तो पाला..." आणि दार उघडून दादा, तिचा भाऊ आणि हवालदार तिघे आत आले.

हवालदार चांगला माणूस होता. बाई, बोलू नका, नुसती मान हलवा, म्हणाला. तुम्ही काही प्यायलात का? तिने नाही म्हणून मान हलवली. तिचा भाऊ तिथेच भिंतीला टेकून रडायला लागला. घरात काही त्रास? नाही. पोपटी तुम्ही केली? हो. मग वहीत बघून त्याने विचारलं, "फवारलेल्या बांधावरचा पाला तुम्हीच तोडला ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला पक्कं ठाऊक होतं, मी ओचा भरून आणला आणि तिच्यासमोर ओतला होता. मी काय करते ते ती बघत होती. ते फार वेळ चाललं नसेल. मला त्यात सगळं बोलता आलं असतं. मी खाली बघितलं, आणि वर बघितलं तेव्हा तिने मान हलवली होती. हो. हवालदाराने लिहिलं, वही तिच्यापुढे धरली आणि तिने सही केली.

ती जगली. तिच्या तळपायांना अजून नीट कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी तिला पत्ता लागत नाही, म्हणून ती अनवाणीच चालते. शेतावर जाणं बंद झालं आहे. नसांवर हे औषध जाता जाता असं काहीतरी करून जातं, त्यावर उपाय नाही. तेही मला माहीत आहे. कंपनी मी त्याच वर्षी सोडली, तब्येतीचं कारण सांगून.

मी तिला एकदा विचारलं, का हो म्हणालीस. ती वाल सोलत होती. म्हणाली, "तुम्हांला तोंड उघडायचं नव्हतं ताई. दिसत होतं ना मला." त्यात राग नव्हता, मायाही नव्हती.

परवा मी गेले होते. चहाला बसलो, पाहुणे होते, मुंबईचे. कोणीतरी वहिनीच्या पायांचं विचारलं. दादा नेहमीसारखा सुरू झाला. आता तो हे सगळ्यांना सांगतो, सांगताना त्याचा आवाज चढतो, त्याला तिच्या पायांचं दुःख आहे आणि ते असंच बाहेर पडतं. "काय सांगू तुम्हांला, फवारलेल्या बांधावरचा पाला तोडून आणला हिने. माझी बहीण एवढी शिकलेली, फोनवर सांगून ठेवलं होतं तिने, हात लावू नका म्हणून. पण हिला अक्कल नाय. एवढं कळू नये माणसाला?"

वहिनी कप गोळा करत होती. "व्हय, चुकलं माझं," ती म्हणाली आणि माझ्यापुढचा कप उचलताना विचारलं, "ताई, अजून घेणार?"

मी म्हटलं, "अर्धा दे."